ग्लेंडाचा लंपसकर

ग्लेंडा ऑस्टरमनला लंपसकर दिसला त्या क्षणी तिचा नवरा उलटा होता. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीमुळे घडलं, म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी.

उलटा म्हणजे स्वभावाने नव्हे. स्वभावाने वेंडेल ऑस्टरमन इतका सरळ की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना दिवा लावतो. पण ग्रीब कोव्हचं पाणी भर उन्हाळ्यातही दातखीळ बसवणारं. तिथले पाणबुडे गळ्यापासून पायापर्यंत बंद असलेला कोरडा पोशाख घालतात. आत उबदार कपडे आणि हवा, बाहेर समुद्र. ही हवा मोठी संधिसाधू. पोशाखाचा जो भाग वर असेल तिकडे ती धावते. डोकं जरा खाली झुकलं की सगळी हवा पायांत, मग पाय फुगून वर आणि माणूस खाली डोकं वर पाय. त्या ऑक्टोबरच्या सकाळी वेंडेल दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा लटकून हातवारे करत होता, आणि त्याच वेळी ग्लेंडाच्या नाकासमोर समुद्रगवताच्या एका पात्यावर लंपसकर बसला होता.

नाव ऐकून हे कुणी रत्नागिरीकडचे गृहस्थ वाटतील, पण लंपसकर हा ग्रीब कोव्हकडच्या थंड पाण्यातला एक मासा आहे. वाढून वाढून पिंगपाँगच्या चेंडूएवढा होतो आणि लहानपणी वाटाण्याएवढा असतो. गोल अंगाला कुणीतरी घाईघाईत शेपूट आणि पर चिकटवले आहेत असं वाटतं. चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य. पोहणं त्याला जमत नाही. पर भिंगरीसारखे फिरवतो आणि फारसा कुठे पोचत नाही. मग पोटाखालच्या चकतीने जे मिळेल त्याला चिकटून बसतो. हा अजून वाटाण्याएवढाच होता, हिरवा. ग्लेंडा बघतच राहिली. तोही बघत राहिला. मग नवऱ्याला सरळ करणं भाग होतं. त्याला सरळ करून ती वळली तेव्हा ते पातं रिकामं होतं.

ग्रीब कोव्ह पाणबुडे मंडळाचा नियम असा, की जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही आणि जोडीतल्या दोघांनी पाहिलेलाच मासा धरायचा. धरायचा म्हणजे हातात नव्हे. माशाला हात लावला तर मंडळातून हकालपट्टीच. धरायचा म्हणजे मंडळाच्या भिंतीवरच्या फळ्यावर माशाचं आणि जोडीचं नाव चढवायचं. फळ्यावर लंपसकरपुढे एकच जुनी जोडी होती. अध्यक्ष हेक्टर मॅकनॉटन आणि त्याचा कैलासवासी मेव्हणा. हेक्टर फेरीबोटीवर कप्तान होता, आणि निवृत्तीनंतरही समोरच्या प्रत्येक माणसाला तो धक्क्याला लावायची बोट समजूनच बोलत असे.

"कुणाला दिसला म्हणालीस?" त्याने फळ्यापुढे उभं राहून विचारलं.

"मला."

"आणि जोडीदाराला?"

सगळे वेंडेलकडे वळले. अशा वेळी खोटं बोलता येणं हाही संसारातला एक गुण आहे, तो वेंडेलमध्ये नाही.

"मला समुद्राचा तळ दिसत होता," तो म्हणाला. "किंवा आभाळ असेल. नक्की नाही सांगता येत."

"मग नाही धरता येणार," हेक्टर म्हणाला. "मन लहान करू नकोस, ग्लेंडा. शेवाळाचा गोळासुद्धा कधी कधी बघतोय असं वाटतं."

"शेवाळाच्या गोळ्याला डोळे नसतात, हेक्टर."

"तेच तर म्हणतोय. वाटतं."

घरी जाताना गाडीत ती वेंडेलकडे वळली. मग म्हणाली, "तुला तरी पटतंय ना?"

"अगं, तुला काहीतरी दिसलं असणारच," वेंडेल अतिशय प्रेमाने म्हणाला.

काहीतरी! हेक्टरचं शेवाळ एक वेळ तिने गिळलं असतं, पण हे प्रेमाचं काहीतरी घशाखाली उतरेना. या माणसाने आजवर तिचं सगळं ऐकलं होतं. भिंतींना पिवळा रंग दे म्हटलं, दिला. कुत्रा नको, मांजर आण म्हटलं, आणलं. पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळलं. आजवरच्या किती गोष्टींना तो मनातल्या मनात 'काहीतरी' म्हणाला असेल, याचा हिशेब तिने पुलापर्यंत मांडला आणि पुलावर सोडून दिला. वेंडेलला लंपसकर दाखवायचा. त्याच्या स्वतःच्या दोन डोळ्यांनी. बस्स, एवढंच तिचं मागणं होतं.

गाव लहान, त्यात हिवाळा, त्यात टीव्हीवर हॉकीच्या सामन्यात घरची टीम हरत असलेली. गावाला विषय हवाच होता. ग्लेंडा दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसते. अर्धं तोंड बधिर झालेली माणसं बिल भरताना उरलेल्या अर्ध्या तोंडाने विचारू लागली, "वाताना दितला का?" वाण्याच्या दुकानात गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशव्यांवर कुणीतरी पाटी लावली, 'ग्लेंडा, इथे आहेत.' तिने ती पाटी शांतपणे काढली आणि वाटाण्याऐवजी मका घेतला. स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?

लंपसकर शोधण्याआधी वेंडेलचे पाय खाली ठेवणं आवश्यक होतं, आणि पायांच्या बाबतीत सल्ला द्यायला शेजारीपाजारी कमी नव्हते.

पलीकडचा गॉर्डी लोकांच्या घरांवर छपरं घालतो. तो म्हणाला, "सोप्पं आहे. घोट्याला शिसं बांधा. वर जायची प्रत्येक गोष्ट वजनाने खाली राहते, हे मला छपरावर कळलं." त्याने सामन मासा पकडायच्या गळाची सगळी वजनं आणून दिली. ती बांधून वेंडेल पाण्यात उतरला तो सरळ गाळात, आणि खांबासारखा तिथेच उभा राहिला. त्याने पाऊल उचलायचा प्रयत्न केला तसा एवढा चिखल उठला की नवरा कुठे आहे हेच ग्लेंडाला बराच वेळ कळेना. लंपसकर दिसणं तर दूरच.

अलीकडची आयरीन पॉवलिक म्हणाली, "हवा पायात का जाते? जागा आहे म्हणून. जागाच ठेवू नका." आणि तिने वेंडेलसाठी जाड लोकरीचे मोजे विणले. आयरीन विणायला बसली की थांबायचं कुठे हे तिला कळत नाही. मोजे मांडीपर्यंत आले. ते घातल्यावर पोशाखात हवेला जागा राहिली नाही हे खरं, पण वेंडेललाही राहिली नाही.

"चढव की जोर लावून!" आयरीन म्हणाली.

"आयरीन, मला गुडघे आहेत," वेंडेल म्हणाला.

शेवटी सरावासाठी नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव गाठायचं ठरलं. तिथल्या जॅनिनबाई नियमाच्या पक्क्या. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "उतरण्याआधी साबण लावून आंघोळ सक्तीची आहे."

"अहो, हा पोशाख आत पाणी जाऊ नये म्हणूनच आहे," ग्लेंडाने समजावलं.

"पाटीवर पोशाखाचं काही लिहिलेलं नाही. माणूस असं लिहिलंय. हे माणूस आहेत ना?"

मग वेंडेल त्या काळ्या रबरी चिलखतात, डोक्याला टोपी, पाठीला हवेची टाकी अशा थाटात शॉवरखाली उभा राहिला आणि स्वतःला साबण लावू लागला. मागे पाण्यातल्या व्यायामाला आलेल्या आजीबाईंची रांग लागली होती. पहिल्या आजींना दम निघेना. "इकडे वळ रे राजा, पाठ राहिली," म्हणून त्यांनी टाकीसकट त्याची पाठ घासून दिली.

पण खरं सांगायचं तर वेंडेलला सुधारलं ते या आजीबाईंनीच. तो पाण्यात उलटा होऊन तरंगू लागला की त्यांचा अख्खा वर्ग संगीत थांबवून ओरडायचा, "गुडघे दुमड, वेंडेल! पोट आत! गोळा हो, गोळा! आता मार गिरकी!" ग्लेंडाने हेच महिनाभर सांगितलं होतं. पण बायकोने सांगितलेलं आणि बाराजणींनी ठेका धरून सांगितलेलं यात फरक पडतो. ख्रिसमस उलटेपर्यंत वेंडेल पाय वर गेले की गोळा होऊन गिरकी मारून सरळ होऊ लागला. आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यानेही पाण्यातून वाकून नमस्कार केला आणि पुन्हा उलटा झाला. पण लगेच सरळही झाला.

आता राहिली जागा. समुद्रगवत होतं जुन्या धक्क्याच्या कडेला, आणि नव्या वर्षापासून तिथे उतरायला बंदर कचेरीची परवानगी लागू लागली होती. कचेरीत लुसिल नावाच्या बाई बसत. भल्या बाई होत्या, पण त्यांच्या संगणकात चौकटी होत्या आणि चौकटीबाहेर भलेपणाला वाव नव्हता.

"कारण काय लिहू? बोटीची दुरुस्ती?"

"नाही. मासा बघायचाय."

"पकडायचाय?"

"नाही हो. बघायचाय."

"बघून?"

"बघून झाल्यावर घरी जायचंय."

लुसिलबाईंनी सहानुभूतीने पडद्याकडे पाहिलं. "दुरुस्ती आहे, बुडालेला माल उचलणं आहे, हरवलेल्याचा शोध आहे. बघण्याची चौकट नाहीये. तुमचा मासा हरवलाय का?"

ग्लेंडाने विचार केला. "आमच्यापुरता, हो."

"मग शोध!" लुसिलबाईंनी आनंदाने टिचकी मारली. आणि मग पडदा वाचत म्हणाल्या, "अरेच्चा. शोध म्हटल्यावर बचाव बोट हजर ठेवावी लागते."

अशा रीतीने फेब्रुवारीच्या एका रविवारी, भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी जरा थबकतं त्या घडीला, एका वाटाण्याच्या शोधासाठी ग्रीब कोव्हच्या जुन्या धक्क्यावर स्वयंसेवकांची नारिंगी बचाव बोट येऊन उभी राहिली. बोट आली म्हणून गाव आलं. गॉर्डी घडीची खुर्ची घेऊन आला. आजीबाईंचा वर्ग टोप्या घालून आला. आयरीनने गॅसची शेगडी मांडून मोठ्या पातेल्यात सूप चढवलं. कसलं ते विचारायची गरज नव्हती.

"वाटाण्याचं," ती म्हणाली. "शुभ असतं."

आणि हेक्टर आला, पोशाख चढवून, आपला जोडीदार आणि मंडळाच्या आणखी दोन जोड्या घेऊन. "साक्षीदार असलेले बरे," तो म्हणाला. "म्हणजे नंतर वाद नको."

ग्लेंडाने एकदा साऱ्या धक्क्याकडे पाहिलं. वेंडेलसमोर हरणं वेगळं, ते घरात राहतं. हे म्हणजे अख्ख्या गावासमोर बचाव बोट मागवून हरणं होतं. त्या गडबडीत तिच्या पाठीवरची चेन वेंडेलने ओढली ती बोटभर उघडी राहिली. पाण्यात उतरताच त्या फटीतून समुद्राची बारीक धार आत शिरली आणि जिथे बसायचं तिथे जाऊन बसली. परत फिरावं तर गाव बघतंय. तिने दात आवळले आणि खाली गेली.

खाली मात्र सगळं सुंदर होतं. धक्क्याच्या खांबांवर पांढरी समुद्रफुलं फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी फुललेली. एक जाडा खेकडा त्यांच्याकडे बघून 'काय कटकट आहे' अशा थाटात आत सरकला. बिनशंखाची एक केशरी गोगलगाय लग्नातला झगा सावरत निघालेली. आणि वेंडेल सरळ होता! आडवा, गुडघे दुमडून, संथ तरंगणारा, जसा काही याच घाटात ओतून काढलेला. ग्लेंडाला त्याचा असा अभिमान वाटला की क्षणभर ती बुडाखालचा बर्फ विसरली.

पण लंपसकर नव्हता. तिने पातं न् पातं पाहिलं. पुढून, मागून, विजेरी तिरपी धरून. कोळंबी होती, सुईसारखे बारीक मासे होते, एका पात्यावर शेवाळाचा गोल हिरवा गोळा होता. तो दिसल्यावर हेक्टरने अत्यंत सभ्यपणे त्यावर विजेरीचा झोत टाकला आणि भुवया उंचावल्या. पाण्याखाली बोलता येत नाही ही देवाची कृपा.

हवेचा काटा उतरत चालला. थबकलेलं पाणी पुन्हा हलू लागलं, गवत एका बाजूला झुकलं. थंडीने तिची बोटं विजेरीभोवती आहेत की नाहीत हे समजेना. वेंडेल मात्र अजून शोधत होता. प्रत्येक पात्यापाशी थांबायचा, तिच्याकडे बघायचा, हा का, असं विचारायचा, आणि तिने मान हलवली की पुढच्या पात्याकडे जायचा. शेवटी ग्लेंडाने अंगठा वर केला. चला, वर चला, झालं.

हेक्टरने मान डोलावली. तो वळला आणि वळता वळता थांबला. त्याच्या विजेरीचा झोत वेंडेलच्या डोक्यावर स्थिरावला. मग दुसऱ्या जोडीचा झोत तिथेच. मग तिसरीचा.

वेंडेलच्या काळ्या रबरी टोपीवर, बरोबर मध्यभागी, पानाच्या विड्यावर लवंग टोचावी तसा एक लंपसकर बसला होता. हिरवा, गोल. चेहऱ्यावर पूर्वीचंच आश्चर्य.

ग्लेंडाच्या तोंडून जो आवाज निघाला त्याचे नुसतेच बुडबुडे झाले. हेक्टरचे डोळे काचेआड बशीएवढे झाले होते. सगळेजण वेंडेलभोवती कोंडाळं करून त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. त्याला काय, आपलं काहीतरी बिघडलंय असंच वाटलं. त्याने हवेची नळी तपासली. छातीवरची बटणं तपासली. मग पाय तपासले, ते खालीच होते. त्याने ग्लेंडाकडे हात पसरून विचारलं, काय?

ग्लेंडाने त्याच्या डोक्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की अख्ख्या सप्त समुद्रांत हा मासा दिसू शकणार नाही असा एकच माणूस आहे आणि तो तिचा नवरा आहे. जगाला पटलं होतं. जगाला पटवायचं होतं कुणाला!

वेंडेलने डोक्यावर काय आहे ते बघायला मान मागे टाकली. माशाचा तोल गेला. पर भिंगरीसारखे फिरवत तो सुटला, इकडे गेला, तिकडे गेला, कुठेच पोचला नाही, आणि सगळ्यात जवळ जी गुळगुळीत जागा मिळाली तिच्यावर टपकन जाऊन बसला. वेंडेलच्या चष्म्याच्या काचेवर. दोन डोळ्यांच्या मधोमध.

वेंडेलची बुबुळं हळूहळू नाकाकडे सरकली. तो श्वास घ्यायचा थांबलाच असता, पण मग श्वास कधी थांबवायचा नाही हा पहिला धडा त्याला आठवला असावा. तो इवला इवला श्वास घेत राहिला. हात लावायचा नव्हता, मान हलवायची नव्हती. तो समुद्रात तसाच अधांतरी राहिला, तिरळा, नाकावर मासा घेऊन, आणि अगदी सावकाश हात लांब करून त्याने ग्लेंडाचा हात शोधला आणि घट्ट दाबला.

मग मासा उठला आणि गवतात निघून गेला.

वर आल्याबरोबर वेंडेलने तोंडातली नळी थुंकून टाकली आणि बचाव बोटीला, धक्क्याला, आजीबाईंना ऐकू जाईल असा ओरडला, "दिसला! मला दिसला! खालून!"

"खालून म्हणजे?" गॉर्डी खुर्चीतून उठला.

"पोट! पोटाची चकती! गुलाबी, कडेला बारीक बारीक झालर! तोंड नाही दिसलं, पण पोट असं पाहिलंय की दवाखान्यात ओळख पटवायला बोलवा!"

आजीबाईंनी एकच गिल्ला केला. बचाव बोटीने भोंगा वाजवला, तोही नियमात बसत नव्हता. धक्क्यावर आल्यावर हेक्टरने घसा साफ केला. फेरीबोट धक्क्याला लावताना करायचा तसाच.

"नियमात मासा पाहणं असं आहे," तो म्हणाला. "कुठल्या बाजूने ते लिहिलेलं नाही. धरू या. आजची तारीख, ग्लेंडा आणि वेंडेल ऑस्टरमन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेंडा ताठ उभी होती. तिच्या पोशाखातून गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं आणि चेहऱ्यावर महाराणीचा भाव होता.

"आणि ऑक्टोबरचा?" वेंडेल म्हणाला.

"ऑक्टोबरला तू उलटा होतास ना."

"मी होतो. ती नव्हती." वेंडेल टोपी काढून उभा राहिला. कपाळावर काचेचा लाल गोल उठला होता. "तिने वाटाण्याएवढा म्हणून सांगितलं, हिरवा म्हणून सांगितलं, पोटाला चकती म्हणून सांगितलं. जसंच्या तसं. आणि मी गाडीत तिला म्हणालो, काहीतरी दिसलं असेल. सगळ्यांसमोर सांगतो, हेक्टर, मला तो शब्द परत घ्यायचाय. तू लिही अगर नको लिहूस, पण ऑक्टोबरला माझ्या बायकोने लंपसकर पाहिला. माझी साक्ष आहे. उलटी असेल, पण आहे."

धक्क्यावर एका आजींनी नाक पुसलं. ग्लेंडा समुद्राकडे बघू लागली, कारण समुद्राकडे बघताना डोळ्यांत पाणी असलं तर कुणी विचारत नाही. हेक्टरने पुन्हा घसा साफ केला, या वेळी जरा जास्त वेळ लागला.

"लिहितो," तो म्हणाला. "दोन्ही लिहितो."

मग सूप वाटलं गेलं. ग्लेंडाने पहिला घोट घेतला, आणि वाटाणा किती चवदार असतो हे या हिवाळ्यात तिला प्रथमच कळलं. दुसरा घोट घ्यायच्या आत वेंडेल तिच्या कानाशी लागला.

"ग्लेंडा, त्याचं तोंड कसं असतं गं?"

"गोड असतं. चकित झाल्यासारखं."

"सगळ्यांनी पाहिलं. मी सोडून." तो चुळबुळला. "गाडीत दोन भरलेल्या टाक्या आहेत."

ग्लेंडाने आपल्या ओल्या पोशाखाकडे पाहिलं, वाफाळत्या सुपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पाण्यात ढकलत न्यावं लागणारा हा माणूस आज स्वतःहून पाय आपटत होता. तिने वाटी आयरीनच्या हातात दिली आणि उठली.

"मीही येऊ का?" मागून हेक्टर म्हणाला. आवाजात कप्तान उरला नव्हता. "मी मागे होतो, मला फक्त शेपूट दिसली. जोडीदार तर गारठून घरी गेला. माझा पाहून फार वर्षं झाली गं."

ग्लेंडाने केस टोपीत कोंबले, चष्मा चढवला आणि मगच वळली.

"जोडी म्हणजे दोघं, हेक्टर. नियम तुझाच आहे. आमची फेरी झाली की तुला नेते. तोवर जरा सूप ढवळ, खाली लागेल."

आणि नवराबायको हातात हात घालून धक्क्याच्या पायऱ्या उतरली. वर मंडळाचे अध्यक्ष मुकाट्याने डाव हातात घेऊन वाटाण्याचं सूप ढवळत उभे राहिले.